येतंय, पण जात नाही

अक्षदाच्या मोबाईलवर लाल अक्षरं उमटली. ‘पाठवता आलं नाही.’ आत्ता एवढ्यात तर तिनं देवाचं नाव घेऊन बोट दाबलं होतं. निळी रेघ पुढं पुढं सरकताना ती गच्चीचा कठडा धरून बघत होती. रेघ टोकाला पोचली, घुटमळली, आणि मग हे. पहिल्यांदा तिला हसूच आलं. नेमकं आजच, नेमकं हेच! एरवी शाळेची हजेरी, पोषण आहाराचे फोटो, कसली कसली परिपत्रकं भराभर जातात, त्यांना कुणी अडवत नाही. तिनं पुन्हा दाबलं. रेघ पुन्हा निघाली, पुन्हा टोकाशी जाऊन थबकली. आउटबॉक्समध्ये एक. कळंबच्या या गच्चीवर, ऑक्टोबरच्या भाजणाऱ्या उन्हात, खाली पिवळं पडत चाललेलं भात आणि त्यावर उतरणारे पोपट, असं सगळं जागच्या जागी असताना तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट निघाली होती आणि तीच दारात अडकून बसली होती.

ती गोष्ट म्हणजे तिचा आवाज. पुण्याची एक संस्था, डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी गोष्टींची ध्वनिपुस्तकं काढणारी. कुठल्याशा शिक्षकांच्या गटात त्यांचं आवाहन फिरत आलं, आणि अक्षदानं आली लहर म्हणून चार ओळी वाचून पाठवल्या. पाठवल्या आणि विसरूनही गेली. नंतर तिकडच्या श्रद्धा नावाच्या बाईंचा मेल आला, ‘असाच आवाज आम्ही शोधत होतो.’ अक्षदानं ते वाक्य उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, भाकरी तव्यावर टाकून वाचलं, आणि भाकरी करपली. त्यांनी चाचणीसाठी एक अख्खी गोष्ट धाडली, म्हाताऱ्या अस्वलाची. ती वाचून मूळ ध्वनिमुद्रण मेलनंच पाठवायचं. व्हॉट्सअॅपवर आवाज चेपला जातो म्हणून ते चालणार नव्हतं. आज संध्याकाळी पाचला वाचणाऱ्यांची यादी बंद होणार होती आणि पुस्तक त्यातल्या एकाच आवाजाला मिळणार होतं. पाचच्या आत गेलं तर अक्षदा, नाही गेलं तर दुसरी कुणीतरी, गोड गळ्याची. मोबाईलच्या कोपऱ्यात चार वाजून गेलेले दिसत होते, आणि तरी, खरं सांगायचं तर, तिला भीतीपेक्षा आनंदच जास्त होत होता. अडलंय म्हणजे काहीतरी निघालंय तरी, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं.

कारण हा आवाज म्हणजे तिच्या जन्माचं दुखणं. जाड, खालच्या पट्टीतला, पिंपात बोलल्यासारखा. शाळेच्या गॅदरिंगला बाकीच्या पोरी परी व्हायच्या आणि अक्षदा राक्षस. वर्गात कविता म्हणायला उभी राहिली की मागच्या बाकावरून खसखस पिकायची. आई होती तोवर ठीक होतं, कारण आईचा, इंदूबाईचा, आवाजही असाच होता. बांधावरून तिनं हाक मारली की उल्हास नदीपलीकडची गुरं मान वर करायची. पण आईला आवाजानं कुणी नापसंत केलं नाही, तिचं लग्न होऊन ती बिनघोर ओरडायला मोकळी झालेली. अक्षदाचं तसं कुठलं? मुरबाडकडची मंडळी बघायला आली होती. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं, आणि मुलाच्या आत्यानं पदर सावरत विचारलं होतं, ‘मुलीला सर्दी झालीये का हो?’ त्यावर आबाजी, तिचा बाप, शांतपणे म्हणाला होता, ‘सर्दी नाय. आवाजच तसा हाय तिचा. आईचा हाय.’ मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवून म्हणाला, ‘तुमची शेवटची गाडी चुकल बघा. निघा लवकर.’ घड्याळ अर्धा तास पुढं होतं. मंडळी लगबगीनं चपला घालून रस्त्याला जाऊन उभी राहिली, आणि कितीतरी वेळ एस.टी.ची वाट बघत तिथंच घाम पुसत राहिली. अक्षदा खिडकीतून बघत होती. रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. त्यानंतर मात्र ती हळू बोलायला शिकली. दुकानात हळू, फोनवर हळू, मास्तरांच्या बैठकीत तर अगदीच हळू, इतकी की लोक म्हणायला लागले, पोरगी शालीन हाय. शालीन कसली डोंबलाची! आवाज गिळून गिळून तिच्या घशाला सवय झाली होती.

आणि आता ते गिळलेलं सगळं पुण्याला हवं होतं. आठवडाभर ती ध्वनिमुद्रणाच्या मागं लागली होती. सुट्टीचे दिवस. सकाळी वाचायला बसावं तर कोंबडा. दुपारी बसावं तर कुणाचा तरी टेंपो दारात वळतोय. शनिवार-रविवार तर शेजारच्या रिसॉर्टात मुंबईची माणसं पोहण्याच्या हौदात उतरून गाण्यांचा असा दणका लावायची की अस्वलाचं बिचाऱ्याचं काही ऐकूच येऊ नये. शेवटी काल तिनं माजघरात खाटेवर चार गोधड्या टाकून तंबू केला, आत मोबाईल घेऊन शिरली, आणि त्या उबट काळोखात, जुन्या कापडाच्या वासात, पहिल्यांदा पूर्ण आवाजात बोलली. अस्वल गुरगुरलं, अस्वल कण्हलं, अस्वल मधाच्या आठवणीनं खुळ्यासारखं हसलं. घाम डोळ्यात जात होता, केस चिकटले होते, आणि तिला वाटत होतं, हे असं मी का नाही बोलले इतकी वर्षं? कुणी अडवलं होतं मला? त्या आत्यानं? ती आत्या तर केव्हाच मरूनसुद्धा गेली असेल. गोधड्या बाजूला सारून ती बाहेर आली तेव्हा आबाजी उंबऱ्यात उभा होता, हातात विळा तसाच. कधीपासून उभा होता कोण जाणे. ‘आईवानी,’ एवढंच बोलला आणि विळा खुंटीला लावून बाहेर गेला. आज सकाळी तिनं त्याला बजावून सांगितलं होतं, ‘आबा, आज पाचच्या आत गेलंच पाहिजे हां. नाहीतर संपलं.’ त्यानं मान डोलावली होती, फार गंभीरपणे.

तिनं हरेशला फोन लावला. हरेशचं कशेळ्याच्या नाक्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पंचक्रोशीतले सगळे फोन त्याच्याच हाताखालून गेलेले. मागं शिट्ट्या, जीपवाल्यांचे पुकारे, कुणाशी तरी स्क्रीनच्या भावावरून हुज्जत, आणि मधेच, ‘बोला मॅडम.’ तिनं सांगितलं. मेल येतंय, पण जात नाही. ‘फ्लाईट मोड चालू करा, बंद करा.’ केलं. नाही गेलं. ‘मोबाईल बंद करून चालू करा, मी हाय इथंच.’ केलं, पुन्हा फोन लावला. नाही गेलं. ‘जागा भरलीय का बघा.’ भरली होती. तिनं शाळेच्या स्नेहसंमेलनाचे नाच पटापट पुसून टाकले, आणि एरवी ज्यावर तिचा जीव अडकला असता ते पुसताना आज काहीच वाटलं नाही. तरी नाही गेलं. ‘फाईल मोठी हाय का? बारीक करून धाडा की.’ ‘बारीक नाही करायची!’ ती एवढ्या जोरात म्हणाली, की हरेशनं फोन कानापासून लांब धरला असावा. ‘मूळच पाहिजे त्यांना. आहे तसाच आवाज.’ बरं बरं, म्हणाला. पासवर्ड पुन्हा टाकायला लावला. शाळेच्या संस्थेनं दिलेला मेल, त्याला नको इतका बंदोबस्त. पासवर्ड बरोबर निघाला. ‘तारीख-येळ ऑटोमॅटिक हाय ना मोबाईलची? ह्या कडक मेलांना घड्याळ जरा इकडंतिकडं झालेलं चालत नाय.’ ‘असणारच. मी कधी हातसुद्धा लावला नाही तिथं.’ ‘मग शेवटचा उपाय, अकाउंट काढून परत टाका.’ काढायचं? आणि त्यातलं अडकलेलं ते? तेपण गेलं तर? ‘टेन्शन नका घेऊ मॅडम, अजून येळ हाय,’ हरेश म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला. तिला असा संताप आला! या तालुक्यात सगळ्यांनाच नेहमी अजून वेळ असतो. एस.टी.ला वेळ असतो, गवंड्याला वेळ असतो, आज दुपारची कर्जत गाडीसुद्धा किती उशिरा आली होती. वेळ नाही तो फक्त अक्षदाला.

तेवढ्यात मोबाईल थरथरला. पुण्याहून मेल. ‘आपलं ध्वनिमुद्रण अजून मिळालं नाही. वाट बघतोय. – श्रद्धा.’ वाट बघतोय! म्हणजे तिकडं कुणीतरी खुर्चीत बसून तिच्या आवाजाची वाट बघत होतं, आणि इकडं तिनं उत्तर लिहिलं, ‘पाठवतेय, जात नाहीये, जरा थांबा’, तर तेही आउटबॉक्समध्ये अस्वलाशेजारी जाऊन बसलं. काय म्हणावं या तऱ्हेला? तिकडचं सगळं येतंय, आपलं काही जात नाही. ती कठड्याला टेकली आणि तिला वाटलं, हे काही आजचं नाही. लोकांचं सगळं तिच्यापर्यंत यायचं. हेडबाईंचे हुकूम, भावाचे बदलापुराहून येणारे सल्ले, शेजारणींची गाऱ्हाणी, सर्दी झालीये का हो, सगळं सुखरूप पोचायचं आणि आत साठून राहायचं. तिची उत्तरं मात्र तयार व्हायची, चांगली खणखणीत तयार व्हायची, ओठापर्यंत यायची आणि घुटमळायची. त्या आत्याला काय काय सांगायचं होतं ते आजही तिला तोंडपाठ होतं. पण आज मनातलं हे सगळं कडू लागत नव्हतं. उलट हसू फुटत होतं. अगं बाई, एकदा हे जाऊ दे, मग बघ! हेडबाईंशी बोलेन, भावाशी बोलेन, त्या रिसॉर्टवाल्याच्या भोंग्यावर भोंगा लावेन. ती गच्चीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मोबाईल उंच धरून फिरायला लागली. खालच्या बांधावरून आबाजी पोपट हाकत होता, हो ऽ हो ऽ करत. त्यानं मान वर करून विचारलं, ‘गेलं का गं?’ तिनं हातानंच नाही म्हटलं. ‘जाईल, जाईल,’ तो ओरडला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं. तिला त्याचाही राग आला.

मोबाईलमध्ये पाचला फार थोडं उरलं होतं. तिला वाटलं, चुकत असेल. हे यंत्र मेल पाठवत नाही तर वेळ तरी कशावरून बरोबर दाखवतंय? ती जिना उतरून धावत माजघरात गेली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. तंतोतंत तेच. पूर्वी असतं तर तिनं या घड्याळावर कवडीचा विश्वास ठेवला नसता. आबाजी रेल्वेत, ठाकुरवाडीला गँगमन होता. घाटात रुळांवर हातोडा घेऊन फिरायचं, आणि गाडी यायच्या आत माणूस बाजूला झालेला पाहिजे. ‘आधीचा माणूस वाचतो. नंतरचा नसतोच,’ असं तो म्हणायचा, आणि कुणाचं तरी नाव मनात घेतल्यासारखा गप्प व्हायचा. म्हणून घरातलं घड्याळ कायम पुढं. अक्षदा शाळेत पोचायची तेव्हा शिपायानं कुलूपसुद्धा काढलेलं नसायचं. लग्नाला जावं तर मांडव अजून बांधतायत. सगळीकडं ती आधी जाऊन उभी, रिकाम्या जागा बघत. तिला त्या अर्ध्या तासाचा वीट आला होता. मोबाईल आले आणि आबाजीचं ते राज्य खालसा झालं. तिनं एक दिवस स्टुलावर चढून घड्याळ बरोबर केलं आणि सांगितलं, पुरे आता, भिंतीकडं कुणी बघत नाही. आता दोन्ही घड्याळं एकच सांगत होती, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. ती तिथंच जमिनीवर बसली आणि पुन्हा पुन्हा दाबत राहिली. दाब, रेघ, लाल अक्षरं. दाब, रेघ, लाल अक्षरं. आणि मोबाईलवर पाच झाले.

पाच झाले तेव्हा काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, भिंतीवरची पाल ट्यूबलाईटमागं गेली. अक्षदाला वाटलं होतं आपण मोठ्यानं रडू, पण रडूही नेहमीसारखं घशात येऊन थांबलं. किती उड्या मारल्या आपण, किती! दोन आठवडे पाय जमिनीला लागत नव्हते. श्रद्धाबाई आता खुर्ची मागं सारून उठल्या असतील. चला, एक नाव कमी. आता अस्वल कुणीतरी गोड आवाजात कण्हेल. तिनं मोबाईल उपडा ठेवला. तेवढ्यात आबाजी पाय धुऊन आत आला, टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, ‘चहा टाक गं. गेलं का तुजं?’

‘नाही गेलं. आणि आता जाऊन उपयोग नाही. वेळ गेली, आबा.’

‘कुटं गेली? येळ हाय की अजून.’

‘पाच वाजले!’ ती ओरडली. खरंच ओरडली, पूर्ण आवाजात, गोधडीतल्यासारखी. ‘डोळे फुटलेत का? ते बघा, पाच वाजून गेले!’

आबाजीनं घड्याळाकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि त्याच्या सुरकुतल्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं, चोरी पकडली गेलेल्या पोराचं असतं तसं. ‘अगं, ते अर्धा तास पुढं हाय. मीच केलंय सकाळी. तू अंगोळीला गेलीस तवा.’

‘आणि मोबाईल?’

‘त्यो पन. नायतर भिंतीवरचं एकटं पुढं करून काय उपेग? तू मोबाईलच बघतीस. हरेशनं शिकवलंय मला, मागं माज्या मोबाईलमधे. त्यो ऑटोमॅटिकचा खटका बंद केला, की मग घड्याळ आपलं ऐकतंय.’ तो जरा घाबरला, कारण ती नुसती बघत राहिली होती. ‘तू म्हनलीस ना, पाचच्या आत गेलंच पायजे. म्हनलं, पोरीची गाडी चुकाया नको.’

कडक मेलांना घड्याळ इकडंतिकडं झालेलं चालत नाय. अजून येळ हाय. दुपारची उशिरा आलेली एस.टी. सगळं एकदम तिच्या डोक्यात खडखडत आलं. तिला कळेना, या म्हाताऱ्याला आधी मारावं की आधी त्याच्या पाया पडावं. यानंच अडवलं, मेल्यानं, यानंच अडवलं आणि यानंच अर्धा तास खिशात घालून ठेवला! ‘आबा!’ ती किंचाळली आणि मोबाईलवर झडप घातली. सेटिंग, तारीख-वेळ, तो खटका, एकदा चुकून दुसरंच काही उघडलं, परत मागं, खटका चालू. वरच्या कोपऱ्यातले पाचाचे आकडे एकदम साडेचारच्या आसपास मागं आले. गेलेली वेळ अशी परत येताना तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिनं ‘पाठवा’ दाबलं. निळी रेघ निघाली. आबाजी वाकून, तिच्या खांद्याला हनुवटी लावून बघत होता, त्याच्या अंगाला मातीचा आणि पिकत्या भाताचा वास येत होता, आणि तो रेघेला खालच्या आवाजात ‘चल, चल, चल’ म्हणत होता. रेघ टोकाला पोचली. घुटमळली. आणि सुर्रकन आवाज झाला, आउटबॉक्स रिकामा.

‘गेलं?’

‘गेलं! आबा, गेलं, गेलं, गेलं!’ ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. तिनं त्याचे दोन्ही हात धरून त्याला असं गदगदा हलवलं की टॉवेल खाली पडला. तिच्या त्या जाड आवाजानं माजघर भरून गेलं, रस्त्यावरून चाललेल्या सुरेखावहिनी दारात डोकावून, ‘काय गं, काय झालं?’ म्हणाल्या, आणि अक्षदानं त्यांना आतूनच, मुळीच हळू न बोलता सांगितलं, ‘माझा आवाज पुण्याला गेला!’ त्यांना काही उमगलं नाही, पण हसून गेल्या. मग चहा झाला. साखर दोनदा पडली. बापलेक उंबऱ्यात बसून पीत राहिले. हातात वेळ शिल्लक होता आणि कुठं जायचं नव्हतं. अशी रिकामी, आधी पोचल्याची जागा तिनं जन्मभर बघितली होती. आज पहिल्यांदा ती तिथं आरामात बसली. तिनं मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या आणि त्याच्या बशीत आणखी चहा ओतला.

खरे पाच वाजायच्या जरा आधी मोबाईल थरथरला. तिनं वाचलं, मग आबाजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘आवाज मिळाला. ऐकता ऐकता आमच्या सगळ्यांचा चहा गार झाला. पुस्तक तुमचंच. उद्या सकाळी अकराला फोन करते, ध्वनिमुद्रणाला पुण्याला कधी यायचं ते ठरवू. – श्रद्धा.’ आबाजी कपबशी तिथंच ठेवून लगबगीनं उठला. ‘अकराला? उद्या?’ म्हणत आत गेला. स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती मागोमाग गेली तर तो एक पाय स्टुलावर टाकून, भिंतीला हात लावून वर चढू बघत होता, घड्याळाकडं. स्टूल एका पायात डुगडुगत होतं.

‘आबा!’

तो तसाच थांबला, मान न वळवता, पकडला गेल्यासारखा.

अक्षदा पुढं झाली. खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

‘चढा,’ ती म्हणाली. ‘अर्धाच तास हां. आणि मोबाईलला हात लावायचा नाय.’